कन्फ्यूशियसच्या पाचशे शाखा

कन्फ्यूशियस ह्या चिनी तत्त्ववेत्त्याचं नशीब मोठं मजेशीर आहे. १९६६ चा नोव्हेंबर, माओची सांस्कृतिक क्रांती नुकतीच पेटलेली, आणि बीजिंगच्या नॉर्मल युनिव्हर्सिटीतले रेड गार्ड, म्हणजे माओभक्त विद्यार्थ्यांच्या टोळ्या, शानदोंग प्रांतातल्या चूफूला जाऊन धडकले. चूफू म्हणजे कन्फ्यूशियसचं गाव. तिथे त्यांनी त्याच्या देवळातला पुतळा फोडला, शिलालेख फोडले, त्याच्या घराण्याच्या कबरी उकरल्या. पुढे १९७३-७४ ला तर त्याच्या विरोधात देशभर मोहीमच निघाली, म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा निषेध करायला कारखान्यातले कामगार सभा घेत होते. आणि २००४ मध्ये त्याच कम्युनिस्ट पक्षाच्या सरकारला जगभर आपली भाषा शिकवायचे क्लास काढायचे होते तेव्हा पाटीवर नाव कुणाचं लावलं? ह्याचंच. तसं बरोबरच आहे म्हणा, माओच्या नावाने कोण फी भरून येणार.

बरं, घरी तरी त्याची सोय लागली का? जानेवारी २०११ मध्ये तिआनआनमेन चौकाच्या कडेला, नॅशनल म्युझियमसमोर, त्याचा साडेनऊ मीटर उंच ब्राँझचा पुतळा उभा राहिला आणि एप्रिलमध्ये एका रात्रीत तो तिथून उचलला. गाजावाजा नाही, खुलासा नाही. परदेशात मिरवायला हवा, पण तिथल्या माओच्या फोटोसमोर उभा राहिलेला चालत नाही, अशी काहीतरी त्याची अवस्था.

माझा ह्या सगळ्याशी संबंध पोटापाण्याचा. मी चाकणला एका कंपनीत परचेसला आहे, आमचे निम्मे व्हेंडर निंगबो नाहीतर शेनचेनचे, आणि एका टप्प्यावर लक्षात आलं की सॅम्पल रिजेक्ट केल्यावर समोरचे लोक आपापसात काय बोलतात ते कळलं तर बरं पडेल. म्हणून कर्वे रोडजवळच्या एका फ्लॅटमध्ये चालणाऱ्या क्लासला नाव घातलं. बाई मराठीच, बीजिंगला शिकून आलेल्या, आम्ही त्यांना चिनी पद्धतीने लाओशी, म्हणजे शिक्षक, म्हणायचो आणि त्या आम्हाला मराठीतून झापायच्या. तेव्हापासून चीन आपली भाषा जगात कशी पोचवतो ह्यावर माझी नजर असते, आणि जितकं बघतो तितकं वाटतं की एवढा पैसा, एवढी माणसं, एवढी चिकाटी लावून जे साधलं नाही ते भलत्याच वाटेने आपोआप झालं.

तर आधी ही कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट म्हणजे नक्की काय भानगड ते. चीनच्या शिक्षण मंत्रालयाखाली हानबान नावाचं ऑफिस होतं, १९८७ पासूनचं, परदेशी लोकांना चिनी शिकवणं हे त्याचं काम. त्यांनी नोव्हेंबर २००४ मध्ये सोलमध्ये पहिली इन्स्टिट्यूट उघडली आणि मग जो सपाटा लावला की विचारू नका. २०१९ पर्यंत १६० च्या वर देशांत साधारण साडेपाचशे इन्स्टिट्यूट आणि शाळांमधून अकराशेच्या वर कन्फ्यूशियस क्लासरूम. पंधरा वर्षांत. फ्रान्सची आलियाँस फ्राँसेझ १८८३ पासून आहे, ब्रिटिश कौन्सिल १९३४ पासून, जर्मनांचं गटे इन्स्टिट्यूट १९५१ चं, आणि ह्यांनी इतक्या उशिरा सुरुवात करून त्यातल्या बऱ्याच जणांना आकड्यात मागे टाकलं.

पण एक फरक आहे आणि माझ्या मते सगळं महाभारत त्या एका फरकातून झालं. पुण्यात जर्मन शिकायचं तर आपण मॅक्स म्युलर भवनला, म्हणजे गटेच्याच शाखेला, जातो. (हा मॅक्स म्युलर पण भारी, आयुष्यात एकदाही भारतात आला नाही आणि भारतात जर्मन संस्कृतीच्या पाटीवर नाव त्याचं.) ती त्यांची स्वतंत्र संस्था, त्यांची पाटी, आत जाणाऱ्याला पक्कं माहीत असतं की आपण जर्मन सरकारच्या पैशावर चालणाऱ्या ठिकाणी आलोय. कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट मात्र तुमच्या विद्यापीठाच्या आतच बसते. जागा तुमची, एक डायरेक्टर तुमचा, दुसरा चीनच्या भागीदार विद्यापीठाचा, शिक्षक आणि पुस्तकं तिकडून, आणि सुरुवातीला लाख-दीड लाख डॉलर. कुठल्यातरी मध्यम विद्यापीठाच्या डीनला हे म्हणजे आयतं ताट. भाषा विभागांचं बजेट सगळीकडे कापलं जात असताना कुणीतरी येऊन म्हणतंय की मास्तर आम्ही देतो, पगार आम्ही देतो, तुम्ही फक्त एक खोली द्या. म्हणजे पेइंग गेस्टने भाड्यासोबत घरात नवा फ्रीज आणून द्यावा, सगळे खूष, आणि काही महिन्यांनी कळावं की आता त्या फ्रीजमध्ये काय ठेवायचं नाही हेही तोच ठरवणार.

आणि काय ठेवायचं नाही ते सगळ्यांना न सांगता माहीत. तैवान, तिबेट, तिआनआनमेनमधला १९८९ चा गोळीबार. लेखी नियम असायची सुद्धा गरज नव्हती. २००९ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत दलाई लामा यायचे होते, ते रद्द झालं, आणि नंतर तिथल्या इन्स्टिट्यूटच्या डायरेक्टरने वरिष्ठांना सांगितलं की अशाने चीनशी आपले जे संबंध जमत आलेत ते बिघडतील. बीजिंगहून फोन यायची वाट कशाला बघायची, आपणच आधी जिभेला आवर घालायचा, हा प्रकार. ऑफिसात बॉसचा मूड बघून बोलणारे आपण सगळेच, त्यामुळे हे कसं होतं ते वेगळं सांगायला नको. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तर एका चिनी शिक्षिकेनेच तक्रार केली की मी फालुन गोंग (चीनमध्ये बंदी असलेला पंथ) मानते हे लपवून मला ह्या नोकरीच्या करारावर सही करावी लागली. विद्यापीठाने २०१३ मध्ये इन्स्टिट्यूट बंद केली.

ह्या सगळ्यात माझा सर्वात आवडता, म्हणजे आवडता म्हणणं चूक आहे पण तसंच, किस्सा पोर्तुगालचा. जुलै २०१४, ब्रागा नावाचं गाव, युरोपभरच्या चीन-अभ्यासकांची दर दोन वर्षांनी होणारी कॉन्फरन्स. म्हणजे जमलेली माणसं कोण, तर ज्यांनी अख्खं आयुष्य चिनी भाषेत, चिनी इतिहासात घातलंय, जगात चीनवर मनापासून प्रेम करणारे लोक शोधायचे तर तिथेच सापडावेत असे. स्पॉन्सरांमध्ये हानबानचा एक कार्यक्रम होता आणि तैवानची एक संस्थाही होती, चियांग चिंग-क्वो फाउंडेशन, जी कित्येक वर्षं ह्या कॉन्फरन्सला मदत करत आलेली. हानबानच्या प्रमुख शू लिन बाई आल्या, त्यांनी छापील कार्यक्रमपत्रिका बघितली, त्यात तैवानचं नाव बघितलं, आणि सगळ्या प्रती उचलून न्यायला लावल्या, इन्स्टिट्यूटच्या एका शिक्षकाच्या फ्लॅटवर. परत आल्या तेव्हा त्यातली पानं फाडलेली होती. तैवानच्या फाउंडेशनची माहिती, तैवानच्या नॅशनल लायब्ररीच्या पुस्तक-प्रदर्शनाची जाहिरात, गायब.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नजरेसमोर तो फ्लॅटच आला. टेबलावर कार्यक्रमपत्रिकांचे गठ्ठे, आणि दोन-चार बिचारे भाषेचे मास्तर एकेक प्रत उघडून पान शोधतायत, फाडतायत, परत रचून ठेवतायत. बाईंच्या पदाचा मान बघा, इन्स्टिट्यूट चालवणाऱ्या त्यांच्या कौन्सिलच्या अध्यक्षपदी चीनच्या उपपंतप्रधान दर्जाच्या व्यक्ती, आणि काम काय तर कॉन्फरन्सच्या पत्रिकेतली पानं. बरं, फाडलं नसतं तर ती जाहिरात वाचली किती जणांनी असती? कॉन्फरन्सच्या पत्रिकेत आपण सगळे फक्त जेवणाची वेळ बघतो. फाडल्यामुळे मात्र कॉन्फरन्स भरवणाऱ्या युरोपातल्या संघटनेने निषेधाचं पत्र काढलं आणि बातमी जगभर गेली. त्याच वर्षी शिकागो विद्यापीठात शंभराच्या वर प्राध्यापकांनी इन्स्टिट्यूटविरुद्ध सह्या केल्या आणि सप्टेंबरमध्ये शिकागोने करार थांबवला, लगोलग पेन स्टेटने. अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या संघटनेने जूनमध्येच सांगितलं होतं की एकतर करार बदला नाहीतर बंद करा.

पुढचं राजकारण सगळ्यांना माहीत आहे, ट्रम्प आले, व्यापारयुद्ध आलं. २०१८ मध्ये अमेरिकेने कायदा केला की पेंटागॉनचा चिनी भाषेसाठीचा निधी हवा असेल तर कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट ठेवता येणार नाही, आणि विद्यापीठांनी काय निवडलं असेल ते सांगायला नको. २०१९ ला अमेरिकेत शंभराच्या आसपास होत्या, २०२३ पर्यंत पाचाच्या आत. मेरीलँड विद्यापीठाने अमेरिकेतली पहिली सुरू केली होती, ती पण गेली. स्वीडनने तर स्टॉकहोमला २००५ मध्ये युरोपातली पहिली उघडली आणि २०२० पर्यंत देशातली एकूण एक बंद केली. चीनने मग २०२० मध्ये हानबान हे नावच पुसलं, त्या ऑफिसला भाषाशिक्षण आणि सहकार्य केंद्र असं गुळमुळीत नाव दिलं, इन्स्टिट्यूटची पाटी एका फाउंडेशनच्या हवाली केली, म्हणजे आता ही सरकारी नाही बरं का. ह्याने कुणाची समजूत पटली असेल असं मला वाटत नाही.

आता दुसरी बाजू, कारण नुसतं चीनला झोडपणं सोपं आहे आणि आपल्याकडे त्याला लाईक पण भरपूर मिळतात. ह्या इन्स्टिट्यूटना हेरांचे अड्डे वगैरे म्हणणाऱ्यांनी एकदा तरी त्यांचे क्लास बघायला हवे होते. बहुतेक ठिकाणी तिथे काय चालायचं, तर बावीस-तेवीस वर्षांची, नुकतीच एमए झालेली, घरापासून पहिल्यांदा लांब आलेली एखादी मुलगी फळ्यावर चिनी उच्चारांचे चार सूर काढून दाखवतेय आणि समोर दहा-बारा जण जांभया देतायत. एचएसके नावाची परीक्षा असते, जपानीच्या जेएलपीटीसारखी, आमच्या वेळी तिच्या सहा पातळ्या होत्या, पहिलीला दीडशे शब्द, सहावीला पाच हजार, बहुतेक लोक दुसरी-तिसरीला गळतात. अशा क्लासमधून ब्रेनवॉश व्हायचं तर आधी होमवर्क करावा लागेल.

आणि आफ्रिकेत तर चित्रच वेगळं. कामानिमित्त मी काही दिवस नैरोबीला होतो, आमच्या डीलरच्या गोडाऊनमध्ये एक पोरगा होता, स्थानिक, चुणचुणीत, तो संध्याकाळी नैरोबी विद्यापीठातल्या कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूटला जायचा. ही आफ्रिकेतली पहिली, २००५ ची. मी माझं मोडकंतोडकं चिनी त्याच्यावर फेकलं तर गडी फाडफाड बोलायला लागला, मीच गप्प. त्याला म्हटलं तुला ह्या लोकांचं राजकारण वगैरे काही वाटत नाही का, तर हसला आणि म्हणाला ब्रिटिशांनी आमच्या आजोबांना इंग्लिश शिकवली तेव्हा राजकारण नव्हतं का, निदान हे स्कॉलरशिप देतात. नैरोबी-मोम्बासा रेल्वे २०१७ ला चिनी कंपनीने बांधून सुरू केली, पोरांना दिसतं की तिकडे चिनी बोलता येणाऱ्याला पगार जास्त, हिशोब संपला. केनियाने मग २०१९ मध्ये जाहीर केलं की चौथीपासून मँडरिन ऐच्छिक विषय म्हणून आणणार. तिथे कुणाला तैवान आठवत नाही. कागदाच्या कातरकामाचं, ताय-चीचं, चहाच्या समारंभाचं त्या पोराला शून्य कौतुक होतं, ते तो हजेरी लागते म्हणून करायचा. त्याच्यापुरती इन्स्टिट्यूट यशस्वी झाली आणि ती फक्त भाषेमुळे झाली. संस्कृतीचा जो भाग चीन सरकार एवढा नटवून पाठवतं तो त्याने बाजूला सारला, आपण लग्नातल्या ताटात ते चेरीचं तुकडं सारतो तसं अगदी सहज.

खरं सांगायचं तर मला तो नटवलेला भाग आवडतो. आमच्या क्लासमध्ये सुद्धा वर्षातून एकदा, त्यांच्या नवीन वर्षाच्या सुमारास, तसा कार्यक्रम व्हायचा. पुण्यात इंग्लिश शिकायला आलेली एक चिनी मुलगी यायची, ब्रश, शाईची कांडी आणि दगडी दौत घेऊन. थेंब-थेंब पाणी टाकत ती कांडी दगडावर गोल घासायची, चांगली पाच-दहा मिनिटं, आमचा जीव वर यायचा पण ती घाई करू द्यायची नाही. ब्रश सरळ उभा, मनगट टेबलाला टेकवायचं नाही, तळहातात अंडं धरलंय इतकी पोकळी ठेवायची. कागद असा की ब्रश क्षणभर जास्त थांबला की शाई पसरून डाग. सगळ्यांना योंग हे एकच अक्षर गिरवायला द्यायची, कारण त्यात मुख्य आठही फटकारे येतात, आणि तास संपेपर्यंत एकाचंही धड यायचं नाही. नंतर ज्याओझ्. उकडलेले, पातळ पारीचे, मोमोसारखे. आमच्या बॅचमधल्या दोन काकू, एक सीए आणि एक बँकेतून व्हीआरएस घेतलेल्या, त्यांनी पारी हातात घेतली आणि सवयीने मोदकाच्या कळ्या पाडल्या, वर नाक काढलं, आणि ती मुलगी बघतच राहिली. मग तिने फोटो काढून आईला पाठवले आणि आईचं उत्तर आलं की तुझ्यापेक्षा बऱ्या आहेत.

त्या वेळी कुणीतरी तिला विचारलं, दलाई लामांबद्दल तुमच्याकडे काय शिकवतात. आपल्याकडे कुणीतरी विचारणारच. ती नुसती हसली आणि पुढची पारी लाटायला घेतली. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि विषय मिटला.

पण कार्यक्रम उरकल्यावर भांडी आवरताना, ताटात दोन-तीन ज्याओझ् उरलेले बघून ती म्हणाली की माझी आजी इथे असती तर हे टाकू दिले नसते. आजी हनान प्रांतातली, १९५९-६० च्या दुष्काळातली. झाडाची साल खाल्लेली बाई, अजून वाटीत एक शीत राहू देत नाही. दुष्काळ कशामुळे पडला, किती मेले, कुणाच्या धोरणाने, ह्यातलं ती काही बोलली नाही, कदाचित तिला नीट माहीतही नसेल, पण आजीचं पुष्कळ बोलली. मग सीएकाकूंनी त्यांच्या सासूबाईंचं सांगितलं, बहात्तरचा दुष्काळ, खडी फोडायला जायच्या, सुकडी, अमेरिकेची ती लाल मिलो ज्वारी जी शिजली तरी घशाखाली उतरायची नाही. लाओशी मधे मधे भाषांतर करत होत्या. अर्धा-पाऊण तास गेला असेल, सगळे उभ्या उभ्याच.

मला चीन जवळचा वाटला तो तेव्हा. आणि गंमत म्हणजे ही गोष्ट कुठल्याही कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूटच्या कार्यक्रमात बसली नसती. तो दुष्काळ म्हणजे त्यांच्या सरकारच्या दृष्टीने मुकाट्याने ओलांडायचं पान. कंदील, ड्रॅगन, पांडा, ज्याओझ् ही संस्कृती, आणि ज्याओझ् वाया जाऊ न देणाऱ्या आजीची भूक ही संस्कृती नाही, असं ठरवलं की मागे उरतो तो दसरा-दिवाळीच्या प्रदर्शनातला स्टॉल. जर्मन लोक स्वतःच्या पैशाने जगभर हिटलरवरचे सिनेमे दाखवतात, ज्यूंवरच्या अत्याचारांवर चर्चा ठेवतात, आणि त्याने जर्मनी कुणाच्या मनातून उतरत नाही, उलट माणसाला वाटतं ह्यांच्याशी बोलता येईल. चीनच्या राज्यकर्त्यांना हे जमणं अवघड आहे कारण जे घरात बोलायला बंदी आहे ते दारात कसं बोलणार.

कोरियाशी तुलना केली की हे आणखी ठळक दिसतं. अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये २०१६ ते २०२१ ह्या काळात चिनी शिकणारे १४ टक्क्यांनी घटले आणि कोरियन शिकणारे ३८ टक्क्यांनी वाढले. कोरियन सरकार पण खर्च करतं बरं, त्यांची सेजोंग इन्स्टिट्यूट आहेत, पण पोरं तिथे जातात ती बँड आणि सिरीयलमुळे, आणि त्या सिरीयलींमध्ये कोरियातली कर्जं, बेकारी, श्रीमंतांचा माज, शाळेतली मारझोड सगळं असतं. आणि जपान्यांचं तर काय सांगावं, पुण्यात सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, ते मुळात पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेलं. रोज शेकडो लोक जातात, पोरं मासे बघतात, प्री-वेडिंगवाले वॉचमनशी हुज्जत घालतात, आणि हे सांस्कृतिक राजनय आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. नावसुद्धा पुलंचं. ह्याहून यशस्वी काय असतं.

चीनच्या बाबतीत असं काही झालंच नाही का? झालं ना, जानेवारी २०२५ मध्ये. अमेरिकेत टिकटॉक बंद होणार म्हणून तिथली पोरं रागारागाने शाओहोंगशू नावाच्या चिनी ॲपवर गेली, जे मुळात चिनी बायका मेकअप, प्रवास आणि रेसिपी टाकतात तसलं ॲप. कुणी बोलावलेलं नव्हतं, तिकडे कुणाची तयारी नव्हती. आणि ही दोन्हीकडची माणसं एकमेकांना काय विचारायला लागली तर तुमच्याकडे अंडी कितीला, हॉस्पिटलचं बिल किती येतं, भाडं किती, तू खरंच दोन नोकऱ्या करतोस का. चिनी पोरांनी इंग्लिशचा होमवर्क अमेरिकनांकडून करून घेतला. प्रवेश फी म्हणून स्वतःच्या मांजराचा फोटो टाकायचा अशी टूम निघाली. ड्युओलिंगोने त्या आठवड्यात सांगितलं की अमेरिकेत मँडरिन नव्याने सुरू करणारे आदल्या वर्षीच्या त्या काळापेक्षा २१६ टक्क्यांनी वाढले. हानबानने पंधरा-सोळा वर्षं पगार वाटून जे केलं त्याला मांजरांनी काही दिवसांत गाठलं. ते टिकलं नाही फार, तिथेही सेन्सॉर आहेच, पण ज्यांनी ते पाहिलं त्यांच्या डोक्यातला चीन थोडा का होईना हलला.

आपल्याकडचं सांगायचं तर २०२० चा जून, गलवान, पाठोपाठ ५९ ॲपवर बंदी, त्यात वुईचॅट गेलं आणि आमच्या परचेस डिपार्टमेंटची झाली पंचाईत, सगळे व्हेंडर त्यावरच. जुलैमध्ये नवं शैक्षणिक धोरण आलं, त्याच्या मसुद्यात शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांत चिनी होती, अंतिम कागदात कोरियन, जपानी, थाय, रशियन सगळ्या होत्या, चिनी तेवढी गेली. मग ७ कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट आणि चिनी संस्थांशी झालेल्या ५४ करारांचा आढावा घ्यायचं ठरलं, त्यात मुंबई विद्यापीठातली २०१३ ची पण होती. आढावा घ्या, बंदही करा, विद्यापीठात दुसऱ्या सरकारचा डायरेक्टर बसावा असं मलाही वाटत नाही. पण त्याच्या बदल्यात आपण काय उभं केलं? आमच्या क्लासमधली बॅच त्या वर्षी निम्म्यावर आली, आईवडील म्हणायला लागले शत्रूची भाषा कशाला. शत्रू म्हणता ना, मग तर आधी शिकायला हवी. सीमेपलीकडचे लोक काय लिहितात, काय बोलतात हे आपण अमेरिकन वेबसाइटवरून इंग्लिशमध्ये वाचणार?

आणि हे आपल्याला जमत नव्हतं असंही नाही. १९३७ मध्ये शांतिनिकेतनात चीन भवन उभं राहिलं, तान युन-शान नावाच्या माणसाने चीनमधून पैसे आणि हजारो पुस्तकं गोळा करून आणली, टागोरांनी बोलावलं होतं म्हणून. चीनच्याच पैशाने बांधलेलं, पण यजमानाच्या आमंत्रणाने आणि यजमानाच्या अटींवर, आणि तान पुढे कित्येक वर्षं तिथेच रमले. इकडे पुण्यात फर्ग्युसनचे पु. वि. बापट, त्यांनी चिनी शिकली कारण विमुत्तिमग्ग हा बौद्ध ग्रंथ पूर्ण असा चिनी भाषांतरातच उरला होता, त्याची विसुद्धिमग्ग ह्या पाली ग्रंथाशी तुलना करणारं पुस्तक त्यांनी १९३७ लाच पुण्यात काढलं. त्यांना कुणी स्कॉलरशिपचं आमिष दाखवून कंदील रंगवायला बसवलं नव्हतं, त्यांना वाचायचं होतं म्हणून ते शिकले. आणि त्याही आधी ह्युएन त्संग, सातव्या शतकात पुलकेशीच्या राज्यात येऊन लिहून गेला की हे महाराष्ट्रातले लोक साधे, प्रामाणिक, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, सूड घ्यायच्या आधी समोरच्याला सांगून घेतात. आपण शाळेत हे छाती फुगवून वाचलं, पण त्याने लिहिलेलं मूळ चिनीत वाचू शकतील अशी माणसं महाराष्ट्रात आज किती सापडतील?

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबद्दल लिहिल्याशिवाय मराठीत चीनवर लेख संपत नाही, तो नियमच आहे. १९३८ ला काँग्रेसने पाठवलेल्या डॉक्टरांच्या पथकातून गेले, बाकीचे परतले, हे राहिले, चिनी शिकले, लिहायला-बोलायला, युद्धात सैनिकांवर उपचार करत करत १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. चीन त्यांना विसरलेला नाही. शिजियाझुआंगला त्यांची समाधी आहे आणि तिकडचा मोठा नेता भारतात आला की कोटणीसांच्या घरच्यांना भेटायचा असा शिरस्ता होता. ह्यात सरकारी नाटक आहे का, असणारच, पण मधोमध एक खरा माणूस आहे जो खरोखर तिथे राबला, म्हणून एवढ्या सरकारी हारतुऱ्यांखालीसुद्धा ते नाटक वाटत नाही. त्यांनी चिनी घेतली ती पेशंटला कुठे दुखतंय ते विचारायला.

२०२५ मध्ये भारत-चीन विमानं परत सुरू झाली, कोलकाता-ग्वांगचौ ऑक्टोबरपासून. आमच्या लाओशी म्हणाल्या की चौकशीचे फोन वाढलेत. नवीन बॅच बहुतेक इम्पोर्टवाल्यांची, खेळणी, एलईडी, सोलार. एक मुलगी तेवढी वेगळी, डेंटिस्ट आहे, चिनी राजवाड्यातल्या कारस्थानांच्या सिरीयली बघून बघून आलीय, सबटायटल चुकीची देतात असा तिला दाट संशय आहे आणि तो बरोबर पण आहे. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, क्लासमध्ये ते कागदाचे कंदील वगैरे करायला लागतात का, कारण मला वेळ नाही. लाओशी म्हणाल्या नाही लागत, पण ज्याओझ् करायला लागतात. ते चालेल म्हणाली, आणि फी जीपेने भरून टाकली.